मीठ कशासाठी?

माझा विषय मराठी. एम्. ए. मराठीत केले, आणि सरकारी शाळेत आयुष्यभर शिकविली हिंदी व संस्कृत. आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांना या गोष्टीचे नवल वाटत नाही. विज्ञानाशी माझा संबंध मुख्याध्यापक झाल्यावर आला, आणि तोही नाइलाजाने. आमच्या शाळेतल्या विज्ञान-शिक्षिकेची बदली झाली आणि ती जागा दोन सत्रे रिकामीच राहिली. नववीचा वर्ग मोकळा बसविण्यापेक्षा आपणच पुस्तक उघडावे, असे ठरवून मी खडू हाती घेतला.

त्या वर्षी विज्ञान-मेळाव्यासाठी मुलांनी कांद्यातून डीएनए काढून दाखविण्याचा प्रयोग निवडला होता. प्रयोग सोपा आहे. कांदा बारीक वाटावयाचा, भांडी घासण्याचा पातळ साबण व चमचाभर मीठ मिसळलेले पाणी त्यात घालावयाचे, दहा-पंधरा मिनिटांनी ते फडक्यातून गाळावयाचे आणि गाळलेल्या पाण्यावर थंडगार स्पिरिट पेल्याच्या कडेने हळूच सोडावयाचे. दोन थर जेथे भेटतात तेथे पांढुरके, बुळबुळीत तंतू तरंगू लागतात. ते निव्वळ डीएनए नव्हे, पेक्टिनाची व प्रथिनांची भेसळ त्यात असतेच. पण साऱ्या सजीवांचा वारसा ज्यात लिहिलेला आहे तो धागा त्या गुंत्यात आहे, एवढे खरे. मुले डोळे विस्फारून पाहत होती. तेवढ्यात मागल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, इसमें नमक क्यों डालते हैं?”

मला उत्तर येत नव्हते. “नहीं मालूम, देखकर बताऊँगा,” एवढे म्हणावयास काय हरकत होती? पण मी म्हणालो, “स्वाद के लिए.” वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बसली, आणि त्या वर्षभरात तिने माझ्या तासाला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मेळाव्यात आमच्या प्रयोगाला पारितोषिक मिळाले. मला मात्र ते हसू बरेच दिवस ऐकू येत राहिले.

पुढे उन्हाळ्याच्या सुटीत बडोद्याला बहिणीकडे गेलो असता हा प्रश्न मी भाचीपुढे ठेवला. ती रसायनशास्त्रात एम्. एस्सी. करीत होती. ती म्हणाली, “मामा, तू ज्याला मीठ म्हणतोस ना, ते पाण्यात गेल्यावर मीठ राहतच नाही.” त्यानंतर चार संध्याकाळ आम्ही गच्चीवर बसून तोच विषय चघळला. पुढे जे लिहितो आहे ते त्या संध्याकाळचे, आणि त्यानंतर मी स्वतः खटपट करून वाचलेले.

मीठ पाण्यात विरघळते म्हणजे त्याचे दोन जातींचे कण सुटे होतात. सोडियमाच्या कणावर धनभार असतो, क्लोराइडाच्या कणावर ऋणभार. अशा विद्युत्भारित कणांना आयन म्हणतात. आता डीएनए पाहा. पिळलेल्या दोरीच्या शिडीसारखी त्याची रचना वाचकांनी चित्रांत पाहिली असेल. त्या शिडीच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवर फॉस्फेटाचे गट ओळीने बसविलेले असतात, आणि पाण्यात प्रत्येक गटावर एक ऋणभार असतो. शिडीच्या एका पायरीपासून दुसरीपर्यंतचे अंतर ०.३४ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रत्येक पायरीला दोन ऋणभार. म्हणजे शिडीच्या लांबीवर सरासरी दर ०.१७ नॅनोमीटरला एक. माणसाच्या एका पेशीतल्या ४६ गुणसूत्रांमधला हा धागा टोकाला टोक जोडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि त्यावर बाराशे कोटींहून अधिक ऋणभार असतात. तो मावतो कशात, तर मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढ्या केंद्रकात!

सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण आठवीत शिकलो. मग इतके ऋणभार इतक्या दाटीवाटीने बसलेला धागा ताठ होऊन उसळत कसा नाही? त्याची दोन पदरे एकमेकांपासून फाटत कशी नाहीत? शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात डीएनए ठेवला तर ती खरोखरच फाटू लागतात. द्रावणातले मीठ दहापट कमी केले की पदर सुटण्याचे तापमान सुमारे सोळा अंशांनी खाली येते. म्हणजे आपल्या वारशाचा हा धागा एकसंध राहतो तो केवळ स्वतःच्या बळावर नव्हे. त्याच्या भोवती जमलेल्या क्षारकणांचाही त्यात वाटा आहे. ते कसे जमतात, हाच आमच्या चार संध्याकाळचा विषय होता.

या धाग्याची पहिली भेट झाली १८६९ साली. जर्मनीतील ट्यूबिंगन येथे, एका जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रीड्रिख मीशर नावाचा तरुण स्विस वैद्य इस्पितळातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून पेशी धुऊन काढीत असे. धुण्यासाठी कोणते क्षार वापरावेत यावरच त्याचा बराच काळ गेला. चुकीचा क्षार घेतला की पेशी फुगून सगळ्याची खळ होई. अखेर सोडियम सल्फेटाच्या सौम्य द्रावणाने काम साधले. म्हणजे डीएनएच्या जन्मकथेतही मिठाचा प्रश्न आहेच. केंद्रकातून मिळालेल्या पदार्थाला त्याने ‘न्यूक्लिन’ असे नाव दिले.

परंतु क्षारकण अशा पदार्थाभोवती नेमके कसे उभे राहतात, हे कळावयास पुढे शंभर वर्षे जावी लागली. १९२३ साली पीटर डिबाय व एरिख ह्यूकेल यांनी साध्या क्षारांच्या द्रावणाचा सिद्धान्त मांडला. प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयनांचे विरळ धुके असते आणि प्रत्येक ऋण आयनाभोवती धन आयनांचे. या धुक्यामुळे त्यांचा प्रभाव दूरवर पोहोचत नाही. मीठ जितके अधिक, तितके धुके आखूड. लिटरमागे सहा ग्रॅमच्या आसपास मीठ असले तर हे धुके सुमारे एक नॅनोमीटर पसरते. त्याच्या शंभराव्या हिश्शाने असले तर दहा नॅनोमीटरच्या आसपास. सिद्धान्त सुरेख होता. पण तो सुट्या कणांसाठी होता. शेकडो भार एकाच साखळीत ओवलेले असले, रसायनशास्त्रज्ञ ज्यांना बहुवारिक म्हणतात त्या लांबलचक रेणूंवर ते असले, म्हणजे काय होते?

याची चुणूक १९५० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दिसली, आणि मला या सर्व कथेतला हाच भाग सर्वांत अधिक आवडतो. फ्रेडरिक वॉल व त्याचे सहकारी हायझेंगा आणि ग्रीगर यांनी पॉलिअ‍ॅक्रिलिक अम्लाची साखळी घेतली. सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर तिच्यावर ओळीने ऋणभार येतात. सोडियम त्यांनी किरणोत्सारी घेतला, म्हणजे तो कोठे जातो हे मोजता यावे. मग द्रावणातून विजेचा प्रवाह सोडला. सोडियमावर धनभार आहे. त्याने ऋण अग्राकडे जावे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण बराचसा सोडियम उलट्या दिशेने, साखळीच्या संगतीने, धन अग्राकडे निघालेला आढळला!

उत्सवातली पालखी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावयास वेळ लागू नये. पालखीच्या अगदी निकट जी दाटी असते, तीत कोणीही दांड्याला बांधलेले नसते. कोणी पुढचा मागे जातो, कोणी डावीकडून उजवीकडे सरकतो. पण पालखी जिकडे वळेल तिकडे ती सर्व दाटी वळते. तिच्या पलीकडे जी पांगलेली गर्दी असते, ती मात्र येते-जाते, घरी परतते, पुन्हा येते. साखळीभोवतीच्या आयनांतही असेच दोन प्रकार असतात. आतली दाटी आणि बाहेरचे धुके. आतल्या दाटीतले आयनही आपापले पाण्याचे वेष्टण सांभाळून असतात, एका जागी चिकटलेले नसतात, धाग्याच्या लांबीवरून सरकत राहतात. फक्त दूर जात नाहीत.

दूर का जात नाहीत? येथे मला दोन संध्याकाळ लागल्या. प्रत्येक आयनाची ओढाताण दोन गोष्टींत चाललेली असते. विरुद्ध भार त्याला जवळ खेचतो, आणि उष्णतेमुळे असलेली त्याची अखंड धडपड त्याला मोकळ्या जागेकडे नेते. नील्स बिअरम या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने एक अंतर ओळखले जाते. दोन एकेरी भार इतक्या अंतरावर असताना ही ओढ आणि ही धडपड अगदी बरोबरीत उतरतात. साध्या तापमानाच्या पाण्यात ते अंतर ०.७१ नॅनोमीटर आहे. आता भारित वस्तू एखाद्या लहानशा गोळ्यासारखी असेल, तर आयन थोडा दूर गेला की ओढ झपाट्याने कमी होते आणि सभोवार मोकळी जागा भराभर वाढते. पुरेसे पाणी असले तर तो निसटतोच. वस्तू अफाट पसरलेल्या भिंतीसारखी असेल, तर ओढ अंतराने कमीच होत नाही. आयन कायमचा तिच्या अंगाशी राहतो. लांब धागा या दोहोंच्या मधोमध येतो. तेथे दूर जाताना वाढत जाणारे ओढीचे नुकसान आणि वाढत जाणारा मोकळ्या जागेचा लाभ, ही दोन्ही एकाच मापाने वाढतात. त्यामुळे निकाल अंतरावर ठरत नाही, आणि पाणी किती ओतले यावरही ठरत नाही. तो ठरतो केवळ धाग्यावर भार किती दाट आहेत यावर.

जेराल्ड मॅनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ साली हा हिशेब चार ओळींत मांडता येईल इतका सोपा करून दाखविला. धाग्यावरच्या दोन शेजारी भारांमधले अंतर बिअरमच्या अंतरापेक्षा अधिक असेल, तर आयन मोकळे राहतात. ते कमी असेल, तर आयन धाग्यावर उतरू लागतात, आणि धाग्याचा उरलेला भार त्या हद्दीइतका विरळ होईतो उतरत राहतात. पहाटे पानांवर दव धरावे तसे. म्हणून शास्त्रज्ञ याला प्रतिआयनांचे संघनन म्हणतात. डीएनएमध्ये अंतर ०.१७, बिअरमचे अंतर ०.७१. भागाकार सुमारे ४.२. म्हणजे सव्वाचारांपैकी जेमतेम एक भार उघडा राहणार, आणि शेकडा ७६ भार सोडियमाच्या दाटीने झाकले जाणार. मीठ कमी असो वा अधिक, हा आकडा फारसा हलत नाही. ढीगभर पाणी ओतून ही दाटी धुऊन काढता येत नाही, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

मॅनिंगने हा हिशेब केला तो धागा निव्वळ रेघ आहे असे मानून. खरा डीएनए दोन नॅनोमीटर जाड आहे, त्याला खाचा आहेत, आणि दाटी व धुके यांच्यामधली सीमा गणितात दिसते तितकी धारदार नाही. त्यामुळे या सिद्धान्तावर आक्षेपही पुष्कळ घेण्यात आले. तरी मोजमापे त्या आकड्याच्या जवळपास उतरत गेली. शिवाय ही कल्पना मॅनिंगच्या एकट्याची नव्हती. जपानातील नागोया येथे फुमिओ ओओसावा यांनी ती त्याआधीच दुसऱ्या अंगाने मांडली होती. आणि १९५१ साली रेमंड फ्युऑस, आरोन काचाल्स्की व श्नियर लिफसन या तिघांनी भारित दंडाभोवती आयन कसे पसरतात याचे पूर्ण गणित सोडवून ठेवले होते. यांपैकी काचाल्स्की इस्रायलच्या वाइझमन संस्थेत काम करीत. ३० मे १९७२ रोजी लोड विमानतळावर झालेल्या अतिरेक्यांच्या गोळीबारात ते मारले गेले. त्यांचे बंधू एफ्राइम, तेही शास्त्रज्ञच, पुढल्याच वर्षी त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. भाचीच्या पुस्तकात काचाल्स्कींचे फक्त समीकरण होते; माणूस मी नंतर शोधला. मराठीच्या माणसाची ही खोड जात नाही.

आता सोडियमाऐवजी दोन धनभार असलेला मॅग्नेशियम आला तर? एक मॅग्नेशियम दोन सोडियमांना मोकळे करून त्यांची जागा घेतो, आणि झाकलेले भार शेकडा ८८ होतात. तीन धनभारांचा आयन आला तर ९२. हे अंतर किरकोळ दिसते, पण साऱ्या नाट्याचे मर्म तेथेच आहे. शेकडा ९०च्या आसपास भार झाकले गेले की ताठ धागा एकाएकी कोसळतो आणि स्वतःभोवती गुंडाळून घट्ट वेटोळे करतो. पाण्यात मॅग्नेशियम त्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. तीन भारांचा स्पर्मिडिन किंवा चार भारांचा स्पर्मिन तो उंबरठा ओलांडतो. हे दोन्ही पदार्थ आपल्या पेशींत असतात. स्पर्मिनाचे स्फटिक तर लेव्हेनहुकने १६७८ सालीच आपल्या भिंगाखाली पाहिले होते, ते काय आहेत याची कल्पना नसताना. मीशरला पुढे साल्मन माशाच्या वीर्यात न्यूक्लिनाबरोबर सापडलेला प्रोटामिन, तोही धनभारांनी खच्चून भरलेला. आपल्या पेशींत हे गुंडाळण्याचे काम मुख्यतः हिस्टोन नावाची धनभारित प्रथिने करतात. एकेका रिळाभोवती डीएनएच्या १४७ पायऱ्या लपेटल्या जातात, आणि लपेटताना दाटीतले पुष्कळसे आयन एकदम मोकळे सुटतात. त्यांना मिळालेली ही मोकळीक लपेटण्याला मोठा हातभार लावते. दोन मीटरचा धागा दीडशेव्या भागात मावतो तो असा.

आणि आमचा कांद्याचा पेला? मीठ घातल्याने बाहेरचे धुके आखडते, म्हणून न झाकलेल्या भारांची एकमेकांना ढकलण्याची पोच कमी होते आणि धागे एकमेकांजवळ येऊ शकतात. वरून स्पिरिट आले की विद्युत्बल क्षीण करण्याची द्रावणाची शक्ती घटते. पाण्यासाठी तिचा आकडा ७८ आहे, निव्वळ अल्कोहोलसाठी २४. त्यामुळे बिअरमचे अंतर लांबते, सोडियम अधिकच दाटीने धाग्यावर उतरतो, आणि भार गमावलेला धागा द्रावणात राहू शकत नाही. तो पांढरा होऊन वर येतो. चवीसाठी नव्हे.

ज्यांना घरी याचा पडताळा पाहावयाचा असेल त्यांना कांदाही वाटावयास नको. २०२० नंतर बहुतेकांच्या कपाटात हात स्वच्छ करावयाच्या घट्टसर सॅनिटायझरची एखादी बाटली उरलेली असेल. ते दाट होते ते बहुधा ऋणभारित बहुवारिकामुळे; साखळीवरचे भार एकमेकांना ढकलून ती ताणून धरतात आणि साखळ्यांच्या फुगलेल्या जाळ्यात सर्व द्रव अडकून राहतो. बशीत थोडे काढून त्यावर चिमूटभर मीठ टाकून ढवळावे. पाहता पाहता त्याचे पाणी होते. (गॅसच्या शेगडीपासून मात्र दूर बसावे.) तान्ह्या मुलांच्या डायपरमधली पूडही याच कुळातली. ती शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. पाणी खारे असेल तर त्याच्या कितीतरी कमी.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा ती मुलगी दहावीत दुसऱ्या शाळेत गेलेली होती. गेल्या वर्षी ती एका प्रमाणपत्रावर सही घेण्यासाठी आली; आता ती बारावीत आहे, विषय जीवशास्त्र. सही केल्यावर मी तिला बसावयास सांगितले आणि म्हणालो, “बेटी, नमक वाला जवाब मुझे उस दिन आता नहीं था.” तिला तो प्रसंग चांगलाच आठवत होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले. मग मी कागद घेतला, धागा काढला, भोवती टिंबे काढली, आणि मला येते तेवढे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “और सर, नमक की जगह शक्कर डालें तो?”

या वेळी मी म्हणालो, “चलो, करके देखते हैं.” प्रयोगशाळेत तीन पेले मांडले, एकात मीठ, एकात साखर, एकात काहीच नाही. स्पिरिट सोडले. मिठाच्या पेल्यात दाट पांढरा गुंता वर आला. बिनमिठाच्या पेल्यातही थोडे तंतू होतेच, कारण कांद्याच्या पेशींत स्वतःचे पोटॅशियम-मॅग्नेशियम असते आणि साबणातही सोडियम असतो. साखरेच्या पेल्यात तेवढेच आले, जास्त नाही. तिने तिन्ही पेले उजेडाकडे धरून पाहिले आणि स्वतःच म्हणाली, “शक्कर पर चार्ज नहीं होता न, सर.”